वेब डिझाइन शिकायचे, पण पुस्तकातून की इंटरनेटवरून?

रे रोड स्टेशनच्या पूर्वेस उतरले की दारूखाना लागतो. जहाजतोडणीच्या आधाराने येथे जुन्या लोखंडाचा जो बाजार वाढला, त्यातील प्रत्येक व्यापाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते. जुन्या मालातील कोणता नग अजून चालेल आणि कोणता वितळवण्याच्याच लायकीचा आहे, हे ओळखणारा कमावतो. या भागातील जे होतकरू तरुण आज वेब डिझाइन शिकू पाहत आहेत, त्यांनाही हीच पारख हवी आहे.

कारण असे की, हा मुलगा हार्बरच्या गाडीने चार स्टेशने जाऊन फोर्टात उतरतो आणि पदपथावरील ढिगातून एक जाडजूड पुस्तक स्वस्तात उचलून आणतो. त्याचा शेजारी म्हणतो, पुस्तके कसली घेतोस, सगळे मोबाईलवर फुकट आहे. दोघांचेही अर्धेच खरे आहे. आमचे मत स्पष्ट आहे: सुरुवात छापील पुस्तकाने करावी, पण त्यातील एकही नियम इंटरनेटवर पडताळल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या कामात वापरू नये.

पुस्तकाचा मोठा फायदा म्हणजे क्रम. आधी एचटीएमएल, मग सीएसएस, मग पुढचे, असा रस्ता लेखकाने आखून दिलेला असतो. इंटरनेटवर माहितीचा समुद्र आहे, पण नवशिक्याला कोठून शिरावे तेच कळत नाही. व्हिडिओ पाहताना सारे समजल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडली की हात थांबतो. शिवाय मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलाला इंग्रजी शब्द अडतो, तेव्हा समासात पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवता येतो. पुस्तक टेबलावर उघडे असले म्हणजे संगणकाचा सबंध पडदा सरावाला मोकळा राहतो. आणि एचटीएमएलच्या सरावास इंटरनेट लागतच नाही. फाइल आपल्या संगणकात जतन करून ब्राउझरमध्ये उघडली की पान दिसते. ही साधी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते व ते डेटा संपला म्हणून अभ्यास बंद ठेवतात.

आता धोका पाहा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले 15 ऑगस्ट 1995 रोजी. त्यानंतरच्या काही वर्षांत निघालेली पुस्तके फॉन्ट, सेंटर, फ्रेमसेट हे टॅग मोठ्या प्रेमाने शिकवतात. 2014 साली प्रमाणित झालेल्या एचटीएमएल 5 ने ते कालबाह्य ठरवले. फ्लॅशवर तर जाडजूड ग्रंथ निघाले होते. त्या फ्लॅशचा आधार 31 डिसेंबर 2020 रोजी संपला. पानाची मांडणी करण्याची ग्रिड पद्धत प्रमुख ब्राउझरांमध्ये आली 2017 मध्ये, म्हणजे त्याआधीच्या पुस्तकात ती कामापुरती सापडणार नाही. तेव्हा दुकानातच पुस्तकाची शेवटची सूची उघडावी. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड हे शब्द आहेत का? मोबाईलच्या पडद्यासाठी लागणारा व्ह्यूपोर्ट आहे का? नसतील तर पुस्तक कितीही स्वस्त असो, परत ढिगावर ठेवावे.

पडताळणीसाठी एमडीएन हे संकेतस्थळ उत्तम. 2005 पासून मोझिलाने ते वाढवले, ते विनामूल्य आहे आणि बहुतेक पानांच्या तळाशी अमुक गोष्ट कोणत्या ब्राउझरमध्ये केव्हापासून चालते, याचा तक्ता असतो. असा तक्ता छापला तर वर्षभरात शिळा होईल. डब्ल्यूथ्री स्कूल्सही नवशिक्यास सोपे पडते. मात्र वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेशी नामसाधर्म्यापलीकडे त्याचा संबंध नाही, हे ध्यानात असावे. एमडीएन मराठीत नाही, म्हणून ते कादंबरीसारखे वाचू नये. एक टॅग घ्यावा, त्याचे पान उघडावे, उदाहरण स्वतः टंकून पाहावे.

यात नुकसान कोणाचे? प्रथम त्या घराचे, ज्याने क्लासची फी उसनवारीने भरली आणि मुलगा कालबाह्य टॅग शिकून आला. नंतर दारूखान्यातील दुकानदाराचे. त्याला हवे असते ते एवढेच: प्लेट, पाइप, अँगल यांची जाडी, लांबी, वजन आणि भाव सांगणारे पान, जे गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर नीट उघडेल. जुन्या पुस्तकात टेबल हा टॅग सबंध पानाची चौकट उभारायला वापरलेला दिसेल, आणि ते पान लहान पडद्यावर आडवे सरकवत बसावे लागेल. खरे तर टेबलची जागा दरपत्रकात आहे. मराठी मजकुराचेही तसेच. एकेकाळी मराठी पाने खास फॉन्टवर बनत आणि तो फॉन्ट नसला की अक्षरांचा गोंधळ दिसे. आज मजकूर युनिकोडमध्ये टंकावा, पानाच्या माथ्यावर यूटीएफ-8 लिहावे व भाषा मराठी असल्याचे नमूद करावे.

क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्यापूर्वी तेथील छापील नोट्स मागून पाहाव्यात आणि फ्लेक्सबॉक्स, ग्रिड व व्ह्यूपोर्ट हेच तीन शब्द त्यांतही शोधावेत. नोट्स दाखवण्यास जो क्लास टाळाटाळ करील, त्याची पायरी चढू नये.