शांत वर्षांची लस

2022 चा पोळा सरतो न सरतो तोच वऱ्हाडातल्या ढोरांच्या अंगावर गाठी उठू लागल्या. ढोरांचे बाजार बंद झाले, आखरावर ढोरं एकत्र सोडायची धास्ती वाटू लागली. बडनेऱ्याच्या आसपास कुठेही पशुवैद्यक दिसला की लोक एकच विचारायचे, “डॉक्टरसाहेब, गायीले बकरीची लस कायले टोचून राह्यले?”

प्रश्न रास्त होता. गाठींच्या या लम्पी रोगाचा विषाणू आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू सख्खे नसले तरी चुलत आहेत. घरची लस हाताशी नव्हती, म्हणून भावकीतली वापरली. मला मात्र त्याच्या पुढचं विचारावंसं वाटतं. घरची का नव्हती?

खरं तर ती तयार होती. राज्यातलं लम्पीचं पहिलं जनावर रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडलं 4 ऑगस्ट 2022 ला, आणि ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही खास लम्पीची लस दिल्लीत जाहीर झाली 10 ऑगस्टला. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था यांनी मिळून ती बनवली. घोड्यांच्या केंद्रात गायीची लस तयार व्हावी, ही आपल्या कारभाराची एक गंमतच.

तिचा विषाणू आला 2019 मध्ये रांचीकडच्या आजारी गायींतून. विषाणू नुसत्या दाण्यापाण्यावर वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. त्यासाठी वापरतात ‘व्हेरो’ पेशी. 1962 साली जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेल्या या पेशी तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. चपट्या बाटलीच्या तळाशी त्यांचा एकेरी थर धरतो. त्यांना पोसायला बहुधा वासराच्या रक्तातला द्रव घालतात. म्हणजे ढोरांचा विषाणू वाढवायलाही ढोरांचंच रक्त. त्या थरावर विषाणू सोडला की काही दिवसांत पेशी गोल होतात, तळ सोडतात, मरतात. मग तो विषाणू काढून दुसऱ्या बाटलीत टाकायचा, तिथून तिसऱ्या. रांचीचा विषाणू असा 50 वेळा फिरवला. माकडाच्या पेशीत रमता रमता तो गायीला आजारी पाडण्याची ताकद गमावून बसला. गायीच्या शरीराला त्याची ओळख मात्र पटत राहिली.

या कामाला घाई चालत नाही. मंत्र्यांनी बैठक घेतली म्हणून पेशी लवकर वाढत नाहीत. बुळकांडी या ढोरांच्या रोगाचंही असंच होतं. ज्या संस्थेचं आज इज्जतनगरला बस्तान आहे, ती 1889 मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली. पुढे मुक्तेश्वरला एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू शेळीतून शेळीत नेत सौम्य केला, आणि नंतर केनियात प्लोराइट या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून आणखी भरवशाची लस दिली. 2011 मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. त्या बाटल्या भरणाऱ्यांना त्या दिवसांत कोणी हार घातले असतील असं वाटत नाही.

आता आपलं बघा. विदर्भात लम्पीच्या गाठी 2020 मध्येच दिसल्या होत्या. ढोरं फारशी मेली नाहीत, म्हणून आपण कडुलिंबाचा धूर केला आणि विषय सोडून दिला. रांचीकडच्या गायींची खपली कोणीतरी जपून हिसारला पोचवली होती, म्हणून ऑगस्ट 2022 मध्ये हातात निदान काही तरी होतं. पण कुपीतली लस आणि लाखो मात्रा यांत कारखाना लागतो. पुण्यात औंधला राज्याची स्वतःची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे. तिला ही लस बनवण्याचे हक्क देणारा करार नागपूरला झाला डिसेंबर 2022 अखेरीस. तोवर साथ राज्यभर फिरून झाली होती. 2023 मध्ये वासरांना पुन्हा गाठी आल्या.

आपल्याकडे अशा खपल्या का जपल्या नाहीत, यावर ठरलेलं उत्तर असतं: माणसं नाहीत, एकेका पशुवैद्यकाच्या अंगावर किती गावं! खरं आहे. पण लम्पीचा विषाणू वाळल्या खपलीत महिनाभर तग धरतो. ती काढायला मोठी यंत्रणा लागत नाही. चिमटा, बंद कुपी आणि कुठे पाठवायची याचा एक पत्ता पुरे. बडनेऱ्याहून रेल्वेने जवळच अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. वऱ्हाडातल्या खपल्या तिथे जमाव्यात, जपल्या जाव्यात, आणि पेशींवर विषाणू वाढवण्याची कायमची सोय तिथे असावी, साथ असो वा नसो. त्यासाठीचा पैसा साथीच्या खर्चातून नको, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळा हवा.

लम्पीने मेलेल्या गायीमागे सरकारने 30 हजार दिले, बैलामागे 25 हजार, वासरामागे 16 हजार. ते द्यायलाच हवे होते. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत आपल्या आमदारांनी एवढंच विचारावं, की जिवंत ढोरांची खपली जपायला अकोल्याला किती दिले?