आयएसओ बंद केली, तरी सर्व्हिस चालूच

संगणक सुरू होताना न विचारता कोण कोण हजर होतं, ती यादी अधूनमधून पाहावी, असा या स्तंभात माझा आग्रह असतो. या आठवड्यात त्या यादीतला एक जुना गट घेतो: सीडीची प्रत असलेली आयएसओ फाइल खऱ्या सीडीसारखी उघडून देणारी साधनं. डेमन टूल्स आणि अल्कोहोल १२०% ही त्यातली गाजलेली नावं. विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ स्वतःहून आयएसओ उघडत नसे, त्यामुळे हॉस्टेलवरच्या कित्येक संगणकांवर ती टाकली गेली. गरज खरी होती.

पण काम दोन मिनिटांचं आणि मुक्काम कायमचा. घड्याळाशेजारचा आयकॉन बंद केला की संपलं, असं आपल्याला वाटतं. मागे सर्व्हिस चालूच असते. डेमन टूल्स लाइटची ‘डिस्क सॉफ्ट लाइट बस सर्व्हिस’, अल्कोहोलबरोबर येणारी ‘स्टारविंड एई सर्व्हिस’. ही दुसरी नेटवर्कवरच्या ड्राइव्हसाठी आहे. घरी एकट्याने संगणक वापरणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

त्या किती मेमरी खातात, हा मुद्दा मला मोठा वाटत नाही. मोठा मुद्दा ड्रायव्हरचा आहे. या दोन्ही साधनांनी वर्षानुवर्षं एसपीटीडी नावाचा ड्रायव्हर वापरला. तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो, विंडोज सुरू होतानाच चढतो आणि टास्क मॅनेजरच्या प्रोसेसच्या यादीत दिसत नाही. इतक्या खोल जायचं कारण म्हणजे गेमची कॉपी प्रोटेक्शन. या साधनांनी बनवलेला आभासी ड्राइव्ह ओळखला की गेम चालायला नकार देई, म्हणून ड्राइव्ह लपवणं भाग पडलं. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतला रूटकिट (स्वतःला लपवणारा प्रोग्रॅम) उघडकीला आणणारे मार्क रसिनोविच यांनी पुढच्याच वर्षी या साधनांच्या लपवाछपवीवरही बोट ठेवलं. कर्नलमधला ड्रायव्हर चुकला तर एक प्रोग्रॅम नव्हे, सगळी यंत्रणा निळ्या पडद्यावर कोसळते. आणि मूळ प्रोग्रॅम काढला तरी एसपीटीडी पुष्कळदा मागे राही.

एक फाइल उघडायला दिलेली परवानगी म्हणजे कर्नलमध्ये कायम राहण्याची परवानगी नव्हे. शेवटचा आभासी ड्राइव्ह बंद झाला की सर्व्हिस थांबली पाहिजे, आणि अनइन्स्टॉल म्हणजे ड्रायव्हरसकट सगळं निघालं पाहिजे. एवढी अपेक्षा बनवणाऱ्यांकडून ठेवायलाच हवी.

२०१२ च्या विंडोज ८ पासून आयएसओ डबल-क्लिकने उघडते आणि राइट-क्लिक करून ‘इजेक्ट’ केली की सुटते. एमडीएससारखे जुने फाइल-प्रकार वापरत नसाल, तर वेगळं साधन काढूनच टाका. मग सर्व्हिसेसची यादी पाहा, आणि मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘ऑटोरन्स’मधला ड्रायव्हर्सचा टॅबही. तिथे एसपीटीडी दिसला तर फाइल हाताने उडवू नका. त्याच्याच इन्स्टॉलरमधला अनइन्स्टॉलचा पर्याय वापरा. कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच मूळ इमेजवरून सगळी यंत्रं भरली जातात. तिथे आधी ती इमेज साफ करावी, मगच बाकीची यंत्रं.