हसायचं कोणी, कोणाला?

दोस्तांनो, आजवर विनोद आपल्यावर झाला. आपल्या बोलीवर, आपल्या ताटावर. शाळेत हजेरीला आडनाव आलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची, तो विनोद. आता आपली पोरं उलटी हसायला लागलीत, आणि तेही शिल्पातून, फोटोतून. प्रस्थापित समीक्षक दखल घेतील तेव्हा घेतील. आम्ही आज घेतो.

प्रभाकर कांबळेची 'उतरंड' बघा. मडकी घेऊन त्यानं त्या शब्दालाच उभं केलं. २०२२ साली हे काम बर्लिनच्या बिनाले नावाच्या जागतिक प्रदर्शनात गेलं. तिथल्या गोऱ्याला आधी पाटी वाचावी लागणार. कामतघरच्या कुठल्याही आजीला पाटी लागत नाही. मोठ्यावर लहान, त्यावर आणखी लहान, आणि ओझं सगळं तळाच्या मडक्यावर. ती बघेल आणि फिसकन हसेल: आगं बया, ही तर जात!

दुसरी राज्यश्री गुडी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सनातन्यांनी मग दूध, दही, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. माणसाच्या ओंजळीनं बाटलं, शेणानं शुद्ध झालं! यावर वेगळा विनोद काय करणार, तो त्यांनीच करून ठेवलाय. नव्वद वर्षांनी, २०१७ मध्ये, राज्यश्रीनं १०८ पेल्यांत पंचगव्य भरून मांडलं आणि शीर्षकातच विचारलं, पाण्याची जात कोणती? घ्या, तुमचंच तीर्थ आहे. आमच्या वऱ्हाळा तलावाच्या काठी हे पेले मांडले तर कोण हसेल आणि कोण दगड उचलेल, हे एकदा बघायचंय.

तिनं आपल्या घरच्या अल्बममधले फोटोही मांडले. माणसं जेवतायत, मजेत आहेत, बस्स. पेपरवाल्यांना आपला फोटो हवा असतो तो प्रेताशेजारी, नाहीतर हातात झाडू असलेला. मिटक्या मारत जेवणारं आपलं कुटुंब त्यांच्या कॅमेऱ्याला दिसतच नाही. म्हणून हा साधा फोटो त्यांच्या कानफटात बसतो.

तुषार जोग २०१८ ला गेला. त्यानं 'युनिसेल' नावाचं बोगस बांधकाम खातं काढून लोकलला लोंबकळणाऱ्यांसाठी भन्नाट उपकरणं बनवली. खातं खोटं, गर्दी खरी.

पण एक गोष्ट डोक्यात जाते. ही कामं बहुतेक पांढऱ्या भिंतींच्या गॅलऱ्यांत राहतात. ज्याची खिल्ली उडवली तोच उद्या ती विकत घेतो, दिवाणखान्यात ठेवतो, पाहुण्यांना दाखवतो: बघा, किती बोल्ड! तिथं विनोद पुन्हा आपल्यावर उलटतो. मागाच्या खडखडाटात बारा तास उभ्या राहिलेल्या पोराला गॅलरीत फुकट प्रवेश असला तरी दारावरच्या वॉचमनची नजर पुरते परत फिरायला. च्यायला, ज्याच्या पाठीवर उतरंड उभी आहे त्यालाच ती बघायची चोरी!

कलावंतांनो, ही कामं कामतघरच्या नाक्यावर आणा. मांडव आम्ही घालू, राखण आम्ही करू. परवानगीला गेलो की साहेब विचारणारच, हे कसलं शिल्प? सांगू: मडकी आहेत साहेब, पाण्याची. तुम्ही प्याल का?