आधी रजिस्टर बंद करा!

आमच्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर मागच्या वर्षी एक क्यूआर कोड चिकटवला गेला. नळ गळतोय, ट्यूब गेली, लिफ्ट अडकली... स्कॅन करा, तक्रार टाका! आठवडाभर सगळ्यांनी हौसेनं टाकल्या. मग एका रात्री माझी गिझरची तक्रार 'रिझॉल्व्ह्ड' झाल्याचा मेसेज आला आणि सकाळी बघते तर पाणी गारठण! तणतणत खाली मेंटेनन्सच्या खोलीत गेले, तर मॅनेजरकाका शांतपणे म्हणाले, ''अ‍ॅपवर टाकलंस ना? आता इथे रजिस्टरमध्येपण लिही.''

'या लोकांना बदलायचंच नसतं,' हे माझं पहिलं मत. पण तिथे तासभर बसले आणि ते डळमळलं. चोवीस तासांत तक्रार बंद झाली नाही, तर अ‍ॅप थेट वरच्या साहेबांना कळवतं. गिझरचं कॉइल आणायला मात्र मंजुरी लागते, ती येते तीन दिवसांनी. स्टोअरमधून सामान मिळतं ते सहीच्या कागदावर. मग इलेक्ट्रिशियन करणार काय? अ‍ॅपवर तक्रार 'बंद' करतो आणि खरं काम रजिस्टरमध्ये लिहितो. म्हणजे काम तेवढंच, नोंदी मात्र डबल!

मास कॉमला आम्ही एव्हरेट रॉजर्सचं 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' हे 1962 सालचं पुस्तक अभ्यासतो. नवी गोष्ट माणसं कधी स्वीकारतात? तिचा फायदा जाणवला, रोजच्या पद्धतीशी ती जुळली, वापरायला सोपी वाटली, आधी थोडी वापरून बघता आली आणि परिणाम डोळ्यांना दिसला, तर! अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतकऱ्यांनीही संकरित मका आधी छोट्या तुकड्यावर लावून पाहिला, मग शेतभर. आमच्या काकांना असा तुकडा कुणी दिलाच नाही. वरच्यांना डेमो आवडला आणि सोमवारपासून सगळ्या बिल्डिंगमध्ये अ‍ॅप सुरू!

हेच मॅनेजर सॉफ्टवेअर आनंदानं घेतात, तेही बघा. मोठ्या इमारतीच्या वीजबिलात नुसते युनिट नसतात. कमाल मागणीचा वेगळा आकार असतो, दिवसाच्या वेळेनुसार दरही बदलतो. पंप आणि एसी एकाच वेळी कधी चालतात, हे जे सॉफ्टवेअर दाखवतं, ते वेळ बदलून बिल खाली आणायला मदत करतं. तो आकडा मॅनेजरला साहेबांपुढे ठेवता येतो. तिथे फायदा त्याचाही असतो, आमच्या अ‍ॅपमध्ये फक्त साहेबांच्या डॅशबोर्डचा होता.

अर्थात, सगळेच काका साधे नसतात. रजिस्टरचं जुनं पान उलटायला कुणी येत नाही, हे काहींच्या सोयीचंही असतं. पण लादलेल्या अ‍ॅपनं लपवाछपवी थांबत नाही, ती फक्त हिरव्या टिकमार्कखाली जाते.

हे आपल्याला का सांगतेय? कारण हॅकेथॉनमध्ये दर वर्षी 'स्मार्ट कॅम्पस'चे प्रोजेक्ट आपणच करतो. प्रेझेंटेशन प्राचार्यांसमोर, टाळ्याही त्यांच्याच. ज्याच्या हातात पाना-पक्कड आहे, त्याला कुणीच विचारत नाही. पुढच्या वेळी कोडिंगच्या आधी एक दिवस मेंटेनन्सच्या खोलीत बसा. अ‍ॅप मराठीत द्या. 'सामान आलेलं नाही' असं एक बटण ठेवा आणि तक्रार बंद करायचा हक्क तक्रार करणाऱ्याला द्या. आधी एकाच मजल्यावर महिनाभर चालवून बघा. जमलं, तर सहीचा कागदही अ‍ॅपमध्येच आणा आणि ते रजिस्टर खरोखर कपाटात जाऊ द्या.

बाय द वे, आमचा गिझर चौथ्या दिवशी सुरू झाला. अ‍ॅपच्या मते तो पहिल्याच रात्री झाला होता!