डॉक्टर व्हायचे, म्हणून जीवशास्त्रच हवे?

काही मोजके संयुक्त अभ्यासक्रम सोडले, तर अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय शिक्षण सुरू होत नाही. आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय किंवा दंतवैद्यकीय शिक्षण, असा क्रम असतो. त्यामुळे पदवीला मुख्य विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसमोरही येतो. आपल्याकडच्या बारावीच्या सवयीने ‘अर्थातच जीवशास्त्र’ हे उत्तर चटकन सुचते. ते चूक नाही, पण एकमेव नक्कीच नाही.

‘प्री-मेड’ हा विषय नसून तयारीचा मार्ग आहे. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र आणि बहुतेक ठिकाणी जीवरसायन हे पेपर पूर्ण केले, की मुख्य विषय इतिहास असला तरी अर्ज करता येतो. एमकॅट परीक्षेच्या चार विभागांपैकी एक केवळ आकलन तपासतो. २०१५ पासून मानसशास्त्र व समाजशास्त्राचाही विभाग त्यात आला. दंतवैद्यकाच्या डॅट परीक्षेत तर भौतिकशास्त्र नाही. तिथे आकृत्या ओळखण्याच्या क्षमतेची चाचणी असते.

प्रवेश घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण जीवशास्त्राचे असतात, कारण अर्जही त्यांचेच जास्त येतात. मानव्यविद्यांच्या अर्जदारांचे निवडीचे प्रमाण त्यांच्याहून कमी नाही. अर्थात, असे विद्यार्थी थोडे आणि तयारीचे असतात, हेही लक्षात घ्यायला हवे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७ पासून मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांना एमकॅटशिवाय प्रवेश दिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या विद्यार्थ्यांना परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात थोडे कमी गुण दिसले. रुग्णालयातील प्रशिक्षणात मात्र ते इतरांच्या बरोबरीने होते.

मग निवड कशावर करावी? प्रवेशात एकूण गुणसरासरीबरोबर विज्ञान विषयांची सरासरी वेगळी पाहिली जाते. अवघड विषय घेतला म्हणून घसरलेल्या गुणांना सूट मिळेल, या भरवशावर राहता येत नाही. चार वर्षे आवडीने अभ्यास होईल, असाच विषय फायद्याचा ठरतो.

दुसरा निकष पैशाचा आहे आणि तो आता अधिक कडक झाला आहे. पूर्वी केंद्रीय कर्जातून शिक्षणाचा जवळजवळ सगळा खर्च भागवता येई. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर एवढीच मर्यादा आहे. अनेक महाविद्यालयांचा खर्च याहून जास्त आहे. शिवाय दरवर्षी ५० हजारांहून अधिक अर्जदार असतात आणि एमडीच्या जागा सुमारे २३ हजार. म्हणजे निम्म्याहून अधिक जण त्या वर्षी बाहेर राहतात. प्रवेश हुकला तर त्या पदवीवर नोकरी मिळेल का, हा प्रश्न म्हणूनच पहिल्याच वर्षी विचारायला हवा. संख्याशास्त्र, संगणक किंवा सार्वजनिक आरोग्य यांचा विचार इथे होऊ शकतो.

भारतातून पदवीसाठी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्यांना अनेक वैद्यकीय महाविद्यालये प्रवेशच देत नाहीत आणि केंद्रीय कर्जही त्यांना मिळत नाही. त्यांच्यासाठी विषयाआधी हे दार उघडे आहे का, ते पाहणे महत्त्वाचे.