घरची शिलाई आणि देशाचा हिशेब

अंतर्वस्त्रे हा संपादकीयाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणास पडला तर नवल नाही. ज्या वस्तूचा उच्चारच चारचौघांत टाळला जातो, तिच्यामागील श्रमांचा उच्चार कोण करणार? परंतु अर्थकारणातील काही मूलभूत प्रश्न पोलादाच्या भट्टीपेक्षा घरातल्या शिवणयंत्रावर अधिक स्पष्ट दिसतात. निदान आतले कपडे तरी घरीच शिवावेत, असा सल्ला स्वावलंबन, काटकसर आणि आता पर्यावरण यांच्या नावाने अधूनमधून दिला जातो. सल्ला वाईट नाही. मात्र ते शिवायचे कोणी आणि त्या श्रमांची किंमत कोण धरणार, हे विचारल्यावाचून तो स्वीकारता येत नाही.

महाराष्ट्रातील मध्यम आणि कष्टकरी वर्गांच्या घरांत एके काळी ही गोष्ट रोजच्या व्यवहारातली होती. मांजरपाटाची बंडी, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची नाडीची चड्डी, लाँगक्लॉथचा परकर, जुन्या लुगड्याच्या मऊ झालेल्या पदरातून निघणारी झबली आणि लंगोट हे सारे घरी बेतले जाई. हे काम दिसते तितके सोपे नाही. बसता-उठताना जिथे ताण येतो तिथे वेगळा तुकडा जोडावा लागतो; कापडाची कच्ची कड मांडीला घासू नये म्हणून शिवण दुमडून दुसरी टीप घालावी लागते; नेफा नाडी सहज सरकेल इतका रुंद, पण गोळा होणार नाही इतका बेताचा ठेवावा लागतो. उरलेल्या चिंध्याही वाया न जाता गोधडीत जात. पुढे तमिळनाडूतील तिरुप्पूरसारख्या ठिकाणांहून यंत्रावर विणलेले, अंगाबरोबर ताणले जाणारे आणि स्वस्त बनियन व चड्ड्या सर्वत्र पोहोचल्या आणि घरची शिलाई मागे पडली. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. त्यामुळे अनेक स्त्रियांची दुपार मोकळी झाली, हाही लाभच होता. परंतु त्या दुपारीची किंमत जेव्हा ती शिवण्यात जात होती तेव्हाही कोणी धरली नव्हती, हे विसरता कामा नये.

मालकाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिली होती. काम तेच राहते, फक्त वेतन थांबते, आणि वेतन थांबताच हिशेबातून कामही नाहीसे होते. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय राष्ट्रीय-हिशेब पद्धतीने घरच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंना, त्यात शिवलेल्या कपड्यांनाही, उत्पादनाच्या मर्यादेत स्थान दिले. आपल्याकडील श्रमविषयक पाहण्यांत मात्र घरकाम सांभाळून घरच्यांसाठी शिवण, विणकाम किंवा सरपण गोळा करणे अशी कामे करणाऱ्या स्त्रीला ९३ हा क्रमांक मिळतो आणि ती श्रमशक्तीच्या बाहेर धरली जाते. तिच्या पुढचा ९४ हा क्रमांक भाडे, व्याज किंवा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांचा आहे. दिवसभर राबणारी स्त्री आणि राबणे थांबवलेला गृहस्थ सरकारी कोष्टकात असे शेजारी शेजारी बसतात!

हा केवळ कोष्टकाचा दोष असता तर तो तज्ज्ञांवर सोडून देता आला असता. पण घरातील शिलाईची किंमत शून्य धरली की बाजारातील शिलाईची किंमतही त्या शून्याकडे ओढली जाते. काजबटण करणारी, तयार कपड्यांचे धागे कापणारी, नगावर चड्ड्या शिवणारी स्त्री जेव्हा दर वाढवून मागते, तेव्हा 'घरबसल्या दोन पैसे मिळतात, ते काय थोडे?' असे उत्तर तिला ऐकावे लागते. या 'घरबसल्या'मध्ये जागेचे भाडे, विजेचे बिल, सुई-दोऱ्याचा खर्च आणि यंत्राची झीज हे सारे तिच्या माथी मारलेले असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप लांबला, तेव्हा गिरणगावातील कितीतरी चुली घरातील स्त्रियांच्या शिवणकामावर आणि खाणावळींवर पेटत राहिल्या. ज्या श्रमाला एरवी पूरक उत्पन्न म्हणून हिणवले जाते, तो श्रम अशा वेळी घराचा आधार होतो. पण त्याला ना हजेरीपट असतो, ना भविष्यनिर्वाह निधी. शिंप्याच्या दुकानासाठी नगावर शिवणारे, प्रसंगी कापड घरी नेणारे कारागीरही कामगारच ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये दिला. घरी राहून काम करणाऱ्यांना इतर कामगारांइतकीच समान वागणूक देणारा आंतरराष्ट्रीय करार १९९६ मध्ये झाला. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही.

यंत्राला विरोध करणारे म्हणून ओळखले जाणारे गांधीजी शिवणयंत्राला मात्र अपवाद करीत. १९२४ मधील एका संवादात त्यांनी सिंगरच्या यंत्राचे कौतुक केले. आणि ती यंत्रे बनवायला कारखाने लागतीलच ना, असे विचारल्यावर असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या नियंत्रणाखाली असावेत, इतपत आपण समाजवादी आहोत, असे उत्तर दिले. आज गांधीजींची स्तुती उरली आहे आणि समाजवाद गळून पडला आहे. निवडणुका जवळ आल्या की स्त्रियांना शिवणयंत्रे वाटण्याचे समारंभ होतात. यंत्र दिले जाते, पण त्यावर शिवलेल्या नगाचा दर काय, हा प्रश्न व्यासपीठावर कोणी विचारत नाही.

स्वावलंबनाच्या सल्ल्याचीही कसोटी येथेच लागते. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीनुसार कोणत्याही एका दिवशी घरातील विनामोबदला कामे ८१.२ टक्के स्त्रिया करीत होत्या, तर पुरुष अवघे २६.१ टक्के. त्या कामात या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात, तर पुरुषांची ९७. अशा घरात घरच्या शिलाईचा पुरस्कार करणे म्हणजे २९९ मिनिटांत आणखी भर घालणे होय. स्वतःची चड्डी स्वतः शिवणे हे स्वावलंबन आहे. कुटुंबातील प्रत्येकाची चड्डी एकीनेच शिवणे हे नव्हे.

म्हणून घरची शिलाई पुन्हा यावी, पण जुन्या अटींवर नको. शाळेत सुई-दोरा मुलींइतकाच मुलांच्याही हाती द्यावा. कोष्टकातील ९३ क्रमांकाच्या स्त्रीची गणना काम करणाऱ्यांत व्हावी. नगावर शिवणाऱ्या स्त्रीसाठी किमान दर कायद्याने ठरावा आणि तो ठरवताना तिची जागा, वीज व यंत्र यांचा खर्च धरला जावा. या मागण्या मोठ्या नाहीत; गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील शिवणाऱ्या स्त्रियांकडून नगाचे दर टिपून घेतले, तरी कामाला प्रारंभ होईल. समाजवादाची भाषा करणाऱ्यांनी हा हिशेब मात्र स्वतःच्या घरापासून मांडायला घ्यावा.