कामावांचून मुंबई

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील आमच्या वाचकांना मुंबई नवी नाहीं. कोणाचा मुलगा तेथें नोकरीस असतो, कोणाची मुलगी तेथें दिलेली असते, आणि आसनगांवाहून पहांटेची लोकल धरणारे चाकरमाने तर प्रत्येक आळींत आहेत. तरीसुद्धां एखाद्या घरीं सहज विचारून पाहावें कीं, "आपण सर्व मंडळी मुंबई पाहण्यासाठीं म्हणून कधीं गेलां होतां?" बहुधा असें उत्तर येतें कीं, मामंजींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं गेलों होतों, लग्नाचा बस्ता बांधावयास गेलों होतों, मुलाच्या परीक्षेस गेलों होतों. काम संपलें कीं परतीची गाडी. समुद्र दोन तासांच्या अंतरावर असून ज्यांनीं तो डोळे भरून पाहिला नाहीं अशीं माणसें आपल्या घराघरांत आहेत. कारण विचारल्यास सर्वांच्या मुखीं एकच शब्द असतो: खर्च. या महिन्यांत त्या खर्चाचाच थोडा हिशेब वाचकांपुढें मांडावा असें योजिलें आहे.

प्रथम प्रवासाचें पाहूं. आसनगांवापासून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें ८५ किलोमीटर आहे. एवढ्या प्रवासाचें दुसऱ्या वर्गाचें भाडें शहरांतील एका साध्या थाळीच्या किंमतीहूनही कमी पडतें. पांच वर्षांखालील मुलांस भाडें नाहीं व पांच ते बारा वर्षांच्या मुलांस अर्धें आहे. दोन-तीन दिवस आप्तांकडे मुक्काम करून बरेंच हिंडावयाचें असेल, तर रेल्वेचें एक, तीन किंवा पांच दिवसांचें पर्यटक-तिकीट मिळतें. तें उपनगरी मार्गांवर कितीही वेळां चालतें. मुरबाडकरांच्या दारीं आगगाडी अद्याप आलेली नाहीं, त्यांना एस. टी. नें प्रथम कल्याण गांठावें लागतें. परंतु १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त सर्व स्त्रियांना अर्धें तिकीट झालें आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर वर्षांच्या वृद्धांनाही अर्धेंच पडतें, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर तें मुळींच पडत नाहीं. घरांतील आजीबाईंना न नेल्यानें वांचते ती रक्कम किती, हें यावरून ज्याचें त्यानें ताडावें.

मग पैसा जातो कोठें? तो जातो हावेपोटीं. एका दिवसांत राणीचा बाग, वस्तुसंग्रहालय, घारापुरीचीं लेणीं, जुहूची चौपाटी आणि वर एखादा मोठा बाजार, असा बेत केला म्हणजे वेळ पुरत नाहीं. वेळ पुरत नाहीं म्हणून टॅक्सी करावी लागते. टॅक्सीनें मुलें शिणतात, आणि शिणलेल्या मुलांना समजावण्यासाठीं खाऊ व खेळणीं घ्यावीं लागतात. संध्याकाळीं पाकीट रिकामें होतें आणि डोकें भरून जातें. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरें. पण दिवसाचेंही एक अंथरूण असतें, हें आपण विसरतों. म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, एका खेपेस मुंबईचा एकच कोपरा पाहावा, आणि तो असा निवडावा कीं ज्याच्याशीं आपलें कांहीं नातें आहे.

असें नातें या दोन्ही तालुक्यांचें मुंबईशीं आहे, व तें लहानसहान नाहीं. मुंबईच्या घडणींत ज्यांचा हात सर्वांत मोठा होता अशा पुरुषांत नाना शंकरशेट यांची गणना होते. ते मुरबाडचे. १० फेब्रुवारी १८०३ रोजीं त्यांचा जन्म तेथें झाला. मुलींच्या शाळेला त्यांनीं आपल्या वाड्यांत जागा दिली. १८५२ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या संस्थापकांत ते होते. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं संस्कृतांतील पहिल्या क्रमांकाच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचें नांव आदरानें घेतलें जातें. ती याच नानांच्या नांवाची. १८५३ च्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी निघाली, तिच्यामागें जमशेटजी जिजीभाई यांच्याप्रमाणेंच नानांचेही परिश्रम होते. मुरबाडच्या माणसानें मुंबईला आगगाडी आणावी आणि मुरबाडला ती अजून मिळूं नये, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

तेव्हां पहिली खेप नानांच्या मुंबईची करावी. मध्य रेल्वेनें दादरपर्यंत जावें, तेथें पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी घ्यावी आणि ग्रँट रोडला उतरावें. स्टेशनापासून नाना चौक पायीं थोडक्या मिनिटांवर आहे. चौकाला नांव त्यांचेंच, आणि जवळच शंकरशेट घराण्यानें बांधलेलें भवानीशंकराचें देऊळ आहे. गजबजलेल्या रस्त्यावरून त्या देवळांत पाऊल टाकतांच वडील मंडळींना घटकाभर विसांवा मिळतो. तेथून पायींच ऑगस्ट क्रांति मैदान गांठावें. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं 'चले जाव'चा ठराव झाला तो येथें. त्या वेळीं यास गवालिया टँक म्हणत. पुढें थोड्या अंतरावर लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. १९१७ पासून १९३४ पर्यंत महात्माजी मुंबईस आले म्हणजे या घरीं उतरत. त्यांची खोली, चरखे, पुस्तकें आणि त्यांच्या आयुष्यांतील प्रसंगांचे लहान लहान बाहुल्यांचे देखावे येथें आहेत. ते मुलांना फार आवडतात. 

दुपारीं बेस्टची बस धरून मलबार टेकडीवर जावें. मे २०२५ मध्यें बेस्टचें साध्या गाडीचें किमान भाडें पांचाचें दहा रुपये झालें. तरीही टॅक्सीच्या मानानें तें कांहींच नव्हे. टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान १८८१ सालीं घातलें गेलें. त्यालाच लोक हँगिंग गार्डन म्हणतात. समोर कमला नेहरू उद्यान आहे आणि त्यांत मुलांचा आवडता 'म्हातारीचा बूट' आहे. दोन्ही ठिकाणीं तिकीट नाहीं. पण शहापूरकरांनीं येथें मुद्दाम थांबावें, यास आणखी एक कारण आहे. ज्या हिरवळीवर आपण बसतों तिच्या पोटांत शहराला पाणी पुरविणारा मोठा हौद आहे. मुंबईला ज्या सात जलाशयांचें पाणी जातें, त्यांपैकीं तानसा आणि भातसा हे शहापूर तालुक्यांतील. तानसाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. आणि आज मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वांटा एकट्या भातशाचा आहे.

ही गोष्ट मुलांना त्या हिरवळीवर बसून सांगावी. आपल्याकडील मुलें मुंबईंत गेलीं म्हणजे बुजतात; आपल्या बोलण्याची, कपड्यांची, हातांतल्या डब्याच्या पिशवीची त्यांना लाज वाटूं लागते. ज्या नगरीची तहान आपल्या डोंगरांतलें पाणी भागवतें, त्या नगरींत आपण उपऱ्यासारखें वावरण्याचें कारण नाहीं, हें त्यांना कळलें पाहिजे. त्याचबरोबर हेंही सांगावें कीं, त्याच शहापुरांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. सहलीला आलेल्या मुलाला एवढें समजलें, तर घरीं परतल्यावर तो नळ उघडा टाकणार नाहीं.

या टेकडीवर २०२५ सालीं झाडांतून जाणारी एक उंच लांकडी पाऊलवाट झाली आहे. तिला पंचवीस रुपये तिकीट असून वेळ आधीं राखून ठेवावी लागते. ती चांगली आहे. परंतु ज्यांच्या दारांत तानसाचें अरण्य उभें आहे, त्यांनीं झाडें पाहण्यास मुंबईस पैसे मोजूं नयेत असें आम्हांस वाटतें. जें आपल्याकडे नाहीं तें पाहावें, आणि आपल्याकडे समुद्र नाहीं. म्हणून दिवस कलतांना गिरगांव चौपाटीवर उतरावें. सूर्य पाण्यांत बुडतांना पाहण्यास कोणी कर घेत नाहीं. येथें वडीलधाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. आपल्या आठवणींतलें मरीन ड्राईव्हवरचें तारापोरवाला मत्स्यालय आतां बंद झालें आहे; नातवंडांना तें दाखविण्याचें वचन देऊं नये.

दुसरी खेप एक-दोन महिन्यांनीं करावी. ती अधिक सोपी आहे, कारण गाडी बदलावी लागत नाहीं. भायखळ्यास उतरून राणीचा बाग, म्हणजे आतांचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि त्याच्या शेजारचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावें. हें संग्रहालय १८७२ सालीं उघडलें. मूळचे गोव्यांतील मांद्रें गांवचे भाऊ दाजी आणि आपले नाना, दोघांनीही त्यासाठीं खटपट केली होती. जुन्या मुंबईंतले लोक कसे राहत, काय नेसत, काय विकत, हें तेथें मातीच्या लहान पुतळ्यांतून दिसतें. येथून पुढें बोरीबंदरास जावें. १८८८ सालीं पुरी झालेली ती इमारत आपण कामाच्या घाईंत शंभरदां ओलांडतों; एकदां समोरच्या पदपथावर उभें राहून मान वर करून तिच्याकडे पाहावें. तेथून टाऊन हॉल पायीं गांठतां येतो. १८३३ सालच्या या इमारतींत नानांचा संगमरवरी पुतळा आहे.

वाराची निवड विचारपूर्वक करावी. रविवारीं दुरुस्तीसाठीं लोकलच्या वेळा बहुधा कोलमडतात; बुधवारीं राणीचा बाग व भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही बंद. शनिवार सर्वांत सोयीचा. सकाळीं कचेरीला जाणाऱ्यांची दाटी सुरू होण्यापूर्वीं निघावें, नाहीं तर ती ओसरल्यावर. परततांना संध्याकाळीं पांच ते आठ या वेळांत वृद्धांना गाडींत चढविणें जिकिरीचें आणि धोक्याचें आहे. त्याऐवजीं आठ वाजून गेल्यावर सुटण्याच्या स्थानकावरून गाडी धरावी. बसावयास जागा मिळते. आसनगांव-कसाऱ्याकडे गाड्या थोड्या असतात, आणि मुरबाडला जाणाऱ्या एस. टी. ची शेवटची वेळ चुकली तर सारी काटकसर एका रिक्षांत जाते. म्हणून परतीची वेळ निघतांनाच लिहून घ्यावी.

आतां जेवणाचें. बाहेर पडणारा सर्वांत मोठा खर्च हाच, आणि तो टाळण्याचा उपाय म्हणून प्रत्येक घरीं एकच आज्ञा सुटते: "डबा करून घ्या." आज्ञा करणारा सुखानें झोंपतो, आणि घरांतल्या दोन सुना पहांटे तीनला उठून आठ माणसांच्या पोळ्या लाटतात. त्यांच्या वांट्याला सहल येते ती पेंगुळलेल्या डोळ्यांनीं. घरांतील एकाच्या झोंपेवर केलेल्या बचतीला काटकसर हें नांव आम्ही देणार नाहीं. आदल्या संध्याकाळीं दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी सर्वांनीं हात लावून करून ठेवावी. सकाळीं तेवढीच शिदोरी घ्यावी. आणि दुसऱ्या वेळचें खाणें गिरगांवांत एखाद्या साध्या मराठी उपाहारगृहांत करावें; थालीपीठ, साबुदाण्याचा वडा, पीयूष, एवढ्यानें भागतें. वर्षांतून एकदां आयतें पान समोर येण्याचें सुख काय असतें, हें रोज वाढणारीच जाणते.

याहून महत्त्वाचा प्रश्न कोण जाणार, हा आहे. एकत्र कुटुंबांत घराला कुलूप लावतां येत नाहीं. देवपूजा असते, गोठ्यांत गाय असते, अंथरुणाला खिळलेलें एखादें माणूस असतें. कोणी तरी मागें राहावें लागतें, आणि तें 'कोणी तरी' दर वेळीं एकच असतें. "मला नाहीं बाई हौस," असें म्हणणारी ती थोरली काकू किंवा मधली जाऊ आपल्या ओळखीची आहे. तिला हौस नसते असें नव्हे. तिला विचारण्याची पद्धत त्या घरांतून गेलेली असते. पैसे कमी असल्याचें कारण येथें लागू पडत नाहीं, कारण तिच्या भाड्याचा हिशेब आपण वर पाहिलाच. म्हणून आम्ही सुचवितों कीं, दोन खेपांची पाळी आधींच लावावी. पहिल्या खेपेस ती जावी, जी आजवर सर्वांत अधिक वेळां मागें राहिली. आणि त्या दिवशीं चूल, देव आणि गोठा यांचा भार घरांतील पुरुषांपैकीं एकानें उचलावा. एका दिवसाच्या आमटी-भातानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

पावसाळ्यांत हा बेत करूं नये. गाड्या अडकतात आणि समुद्रही जवळ जाण्याजोगा राहत नाहीं. भाताची झोडणी उरकून दाणा घरांत आला, मुलांच्या सहामाही परीक्षा संपल्या, कीं मार्गशीर्षाच्या सुमारास दिवस थंड आणि कोरडे असतात. तोंवर दर आठवड्यास थोडे थोडे पैसे एका डब्यांत टाकीत जावें. डबा आजीबाईंच्या स्वाधीन करावा. म्हणजे तो मध्येंच फुटणार नाहीं, आणि निघावयाच्या दिवशीं त्यांना मागें ठेवण्याचें धैर्यही कोणास होणार नाहीं.